वॉर्डमधली कामं कुणाला, कशी सोपवायची? नव्या इन्चार्ज सिस्टर-ब्रदरना पडणारे प्रश्न

इन्चार्जची खुर्ची मिळाली की पहिल्या महिन्यात सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. सरकारी भाषेत आपण इन्चार्ज म्हणजे परिसेविका, स्टाफ म्हणजे अधिपरिचारिका, केंद्राने २०१६ मध्ये स्टाफ नर्सचं नाव नर्सिंग ऑफिसर केलं ते वेगळंच, पण वॉर्डात सगळे सिस्टर आणि ब्रदर म्हणूनच हाक मारतात तर मीही तेच लिहिते.

डेलिगेशन म्हणजे सकाळी बेड वाटून देणं ना?

नाही हो. ओव्हर (आधीच्या ड्यूटीकडून पेशंट ताब्यात घेणं) झाल्यावर एका स्टाफला १ ते १० आणि दुसरीला ११ ते २० बेड दिले ते झालं काम वाटप. दोघी नर्सिंगच्या जीएनएम (डिप्लोमा) किंवा बीएस्सी, दोघींचं कौन्सिलला रजिस्ट्रेशन, आपापल्या बेडचं उत्तर दोघी स्वतःच्या सहीने देतात. डेलिगेशन म्हणजे तुमच्या वाट्याच्या कामातला एक तुकडा तुम्ही दुसऱ्याच्या हातात देता, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी ट्रेनिंग असलेल्याच्या, म्हणजे मावशी-मामा (वॉर्डातले मदतनीस), स्टुडंट. काम त्यांनी केलं तरी पेशंट तुमच्याच नावावर राहतो. हा फरक कळला नाही की मग "मी मावशींना सांगितलं होतं" हे वाक्य तोंडात बसतं, आणि या वाक्याने आजपर्यंत कुणी सुटलेलं मी तरी बघितलं नाही.

मग काय देता येतं, काय नाही?

बेड करणं, स्पंज, तोंड साफ करणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून किती एमएल निघालं ते सांगणं, वजन, दर २ तासांनी कूस बदलणं, नीट गिळणाऱ्या पेशंटला भरवणं, सॅम्पल लॅबला पोचवणं, हे सगळं शिकवलेल्या माणसाला देता येतं. नवीन पेशंटचं असेसमेंट, औषधं, आयव्ही, ड्रेसिंग उघडल्यावर जखम कशी दिसतेय हे ठरवणं, डिस्चार्जच्या वेळी घरी काय करायचं ते समजावणं, हे आपलं.

पण नुसती यादी पाठ करून चालत नाही कारण तेच काम पेशंट बदलला की बदलतं. पाणी पाजणं किती साधं काम, पण पेशंट कालच पॅरालिसिसचा अटॅक येऊन आला असेल तर त्याला गिळता येतंय का हे आधी आपणच बघायचं, नाहीतर तो घोट सरळ फुफ्फुसात. कूस बदलणं मावशींचं रोजचं काम, पण मणक्याला मार असेल तर चौघांनी मिळून एका लाकडासारखं वळवायचं आणि डोक्याशी आपण उभं राहायचं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठवताना आपण, तिसऱ्या दिवशी मामा चालतील.

ब्लडचं उदाहरण घ्या. पिशवी आणायला मामा जाऊ शकतात, पण कुठल्या पेशंटची ते चिठ्ठीवर लिहून द्या आणि येताना कॅन्टीनला थांबू नका हेही सांगा, हसू नका, ब्लड बँकेतून बाहेर आलं की ३० मिनिटांच्या आत लावायचं आणि ४ तासांत संपवायचं असतं. वॉर्डात आल्यावर बॅग नंबर, ग्रुप, नाव, एक्सपायरी दोन क्वालिफाइड माणसांनी पेशंटच्या बेडशी बघायचं. टेबलावर बघून सही करणं म्हणजे बघणं नव्हे. सुरू केल्यावर पहिली १५ मिनिटं तुम्ही तिथेच, रिॲक्शन आली तर बऱ्याचदा तेव्हाच येते. म्हणजे एका ब्लडमध्ये सोपवायचं काम आणि न सोपवायचं काम दोन्ही आहे, मधली रेघ ओळखणं हाच आपला पगार.

आणि एक काम कुणालाच देऊ नका, वापरलेली सुई. ज्याने टोचली त्यानेच पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची. ट्रेमध्ये सुई तशीच ठेवून "मावशी आवरा" म्हणणाऱ्या स्टाफला मी सगळ्यांसमोर बोलते, एरवी सगळ्यांसमोर बोलू नये असं खाली लिहिलंय तरी.

पाच राइट्स म्हणजे औषधाचेच का?

राइट्स म्हणजे "योग्य आहे का" असे पाच प्रश्न. औषध देतानाचे वेगळे, हे डेलिगेशनचे, अमेरिकेतल्या नर्सिंग कौन्सिलांच्या संघटनेने मांडलेले. काम योग्य आहे का, परिस्थिती योग्य आहे का, माणूस योग्य आहे का, नीट सांगितलं का, आणि नंतर बघितलं का. परीक्षेत पहिल्या तिनावर प्रश्न येतात, वॉर्डात घोळ शेवटच्या दोनात होतात.

नीट सांगायचं म्हणजे कसं?

इथे मी माझीच गोष्ट सांगते. स्टाफ होते तेव्हाची, संध्याकाळची ड्यूटी, १४ नंबरला डायबेटिसचे आजोबा, इन्सुलिन झालेलं, जेवण यायला उशीर. तेवढ्यात कॅज्युअल्टीतून पेशंट वर आला तर मी मावशींना म्हटलं, "मावशी, आजोबांकडे जरा लक्ष ठेवा हं." आणि गेले. वीसेक मिनिटांनी परत आले तर मावशी तिथेच स्टुलावर बसलेल्या, हलल्या पण नव्हत्या, आणि एक्स-रेच्या पाकिटाने आजोबांना वारा घालत होत्या. म्हणाल्या, "किती घाम आलाय बघा ना बिचाऱ्यांना, पंख्याचा वारा लागत नाही इकडे."

आजोबांचा शर्ट पाठीला चिकटलेला, हात गार, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटले. एचजीटी केलं, म्हणजे बोटातून रक्त घेऊन साखर बघितली, ३८, खूपच खाली. डेक्स्ट्रोज गेलं आणि दहा मिनिटांत आजोबा माझ्याकडे चहा मागत होते, नशीब. पण मावशींचं काय चुकलं सांगा? लक्ष ठेवा म्हटलं, त्यांनी ठेवलं. मायेने ठेवलं. घाम आला तर वारा घालायचा हे घरी सगळेच करतात. घाम आला तर मला बोलवायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून "लक्ष ठेवा", "बघून घ्या", "सांभाळा" हे तीन शब्द मी बंद केले. आता असं सांगते: "मावशी, १४ नंबरच्या आजोबांची साखर उतरू शकते. त्यांना घाम आला, हात थरथरले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले किंवा झोप झोप करायला लागले तर जेवणाची वाट बघायची नाही, मला लगेच बोलवायचं, मी ९ नंबरला आहे, कामात असले तरी बोलवायचं." मग शेवटी विचारायचं, मला कधी बोलवाल? त्यांनी सांगितलं की कळलं. "कळलं ना?" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

बाकीच्या कामांतही हेच, आकडा द्या. "युरिन कमी झालं तर सांगा" याला अर्थ नाही, कमी म्हणजे किती? "दर तासाला बॅग बघा, दोन तास लागोपाठ ३० एमएलच्या खाली आलं तर मला सांगा" हे सांगणं झालं. हा आकडा आपणच ठरवायचा, पेशंट बघून.

काम दिलं आणि चूक झाली तर अडकणार कोण?

ज्याने केलं तो त्याच्या हातापुरता, ज्याने दिलं तो देण्यापुरता. नवीन पोरींना दुसरा भाग माहितीच नसतो.

सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोजचा निकाल आहे, आपल्या लाइनमधल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा. टायफॉइडचं निदान झालेलं लहान मूल, इंजेक्शन द्यायची जबाबदारी डॉक्टरची होती, ते सोपवलं गेलं नर्सवर आणि ती नर्स क्वालिफाइड नव्हती. शिरेतून इंजेक्शन गेलं, मूल कोसळलं, मेंदूला कायमची इजा झाली. कोर्टाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख भरपाई कायम केली. त्यात कोर्टाने जे म्हटलं ते आपल्या कामाचं आहे: समोरच्याला ते काम नीट जमणार नाही हे माहीत असून ते त्याच्यावर सोपवणं हाच निष्काळजीपणा ठरू शकतो. ते डॉक्टरांबद्दल होतं, पण वॉर्डात तुम्ही मावशींना आरटी फीड, म्हणजे नाकातल्या नळीतून जेवण, द्यायला सांगता तेव्हा तुमच्याच बाबतीत कोण काय म्हणेल ते बघा.

उलट बाजूही आहे. योग्य काम, शिकवलेल्या माणसाला, नीट सांगून दिलं, मध्ये जाऊन बघितलं, नोट लिहिली, तर तुमची बाजू भक्कम. म्हणून नोट लिहा, "कूस बदलली" एवढंच नको, कुणी बदलली, किती वाजता, पाठीची कातडी तुम्ही स्वतः बघितली का.

स्टुडंटना औषधं द्यायला लावू का? त्यांना शिकायचं असतं ना

शिकायचं असतं म्हणूनच एकट्यांना नाही. शेजारी उभं राहून, हो.

एकच उदाहरण देते, इन्सुलिन. आपल्याकडे एका एमएलमध्ये ४० युनिट असलेली वायल पण असते आणि १०० ची पण, ४० ची सिरिंज लाल टोपीची आणि १०० ची केशरी. पोरगी हुशार, दहा युनिटच्या रेघेपर्यंत बरोब्बर भरते, फक्त ४० ची सिरिंज घेऊन १०० च्या वायलमधून. गेले किती? २५ युनिट. उलटं केलं तर १० च्या जागी ४ च जातात आणि मग साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. तिने चूक केली असं वाटतंय पण सिरिंज आणि वायल एकाच हाताने शेजारी धरून बघायची हे तिला कुणी दाखवलं होतं? इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम, यांचा डोस दोघींनी वेगवेगळा मोजायचा, एकीने मोजलेला दुसरीने नुसता बघून मान हलवायची नाही. स्टुडंट ही त्यातली दुसरी म्हणून मोजत नाहीत.

आणि स्टुडंट म्हणजे वाढीव हात नव्हेत. ४० पेशंटचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) काढून घेऊन एकाही आकड्यावर चर्चा न करता घरी पाठवलं तर ती तीन वर्षं नुसती थर्मामीटर झटकायला शिकेल.

नातेवाईकांना कामं सांगतो ते पण डेलिगेशनच का?

आपल्याकडे याच्यावर कुणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त हेच चालतं. स्पंज, भरवणं, बेडपॅन, सलाइन संपलं की सांगायला येणं, अर्धा वॉर्ड नातेवाईकच चालवतात. काही वाईट नाही त्यात, आईला मुलीच्या हातून जेवायला बरंच वाटतं, आणि घरी गेल्यावर करायचं त्यांनाच आहे. पण त्यांना शिकवलं का? फीड देताना डोक्याकडची बाजू वर करायची आणि नंतर अर्धा-एक तास तशीच ठेवायची, खोकला आला की लगेच थांबायचं, हे एकदा करून दाखवलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं तर ठीक. नळी जागेवर आहे का ते दरवेळी आपणच बघायचं.

सलाइनचा स्पीड आणि ऑक्सिजनचा नॉब याला नातेवाईकाने हात लावायचा नाही, हे ॲडमिशनलाच सांगा. दम लागतोय म्हणून मुलगा प्रेमाने फ्लो वाढवतो, आणि पेशंट जुना सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा असतो, त्याला जास्त ऑक्सिजनने उलट त्रास होऊ शकतो.

वयाने मोठ्या मावशी ऐकत नाहीत, काय करू?

आधी हे मान्य करा की त्या २५ वर्षं त्या वॉर्डात आहेत आणि तुम्ही सोमवारी आलात. आल्या आल्या हुकूम सोडले तर त्या "हो सिस्टर" म्हणतील आणि स्वतःच्याच पद्धतीने करतील. अहोजाहो करा. पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर एकदा सगळे बेड करा, स्वतः, चादर ओढून. त्या बेडवर वाकलेल्या असताना जे सांगतात ते राउंडमध्ये कळत नाही, कुठला पेशंट जेवत नाही, कुणाचा मुलगा दोन दिवस आला नाही, कुठल्या बेडचं साईड रेल निसटतं.

आणि का ते सांगा. "पाठ दाखवा मला" म्हटलं तर तपासणी वाटते, "मावशी, या आजीला कंबरेखाली लाल दिसतंय, बेडसोअर व्हायला लागेल, आपण दोघी दोन वाजता परत बघू" म्हटलं की त्याच मावशी पावणेदोनला आठवण करायला येतात. चुकलं तर बाजूला घेऊन बोला, नातेवाईकांसमोर कधीच नाही. तरीही मुद्दाम काम टाळत असतील तर तोंडी कुरकुर करत वर्षं काढू नका, तारीख-वेळ लिहून मेट्रन मॅडमकडे द्या.

कालपर्यंत आम्ही मैत्रिणी, आज मी इन्चार्ज. ड्यूटी लिस्टवरून बोलणं बंद झालंय

होतं. गणपती, दिवाळी, मे महिना, यांच्या सुट्ट्यांचं रजिस्टर ठेवा, गेल्या वर्षी कुणाला मिळाली ते सगळ्यांना दिसू दे. मैत्रिणीला एक नाईट जास्त लावू नका आणि कमी पण लावू नका. नवऱ्याची बदली, मुलाची दहावी, सासूचं ऑपरेशन हे सगळ्यांनाच असतं, ज्या बोलतात त्यांना मिळतं आणि ज्या बोलत नाहीत त्या नाईट करत राहतात, त्या न बोलणाऱ्यांना तुम्ही होऊन विचारा. बोलणं सुरू होईल हो, पगारवाढीच्या आधी.

नाईटला एक स्टाफ, ४० पेशंट. तिथे कसलं डेलिगेशन?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डला टीचिंग हॉस्पिटलमध्ये ३ पेशंटमागे १ नर्स, इतर हॉस्पिटलमध्ये ५ मागे १, आयसीयूत १ ला १. वाचून हसायला येतं ना. मला पण. स्टाफ कमी असल्याचं लेखी वर कळवत राहा, दर महिन्याला, इन्वर्ड नंबर घेऊन, कारण काही घडलं की "आधी का नाही सांगितलं" हाच पहिला प्रश्न येतो.

पण रात्र तर काढायचीच आहे. ओव्हर घेताना पेशंटच्या बेडशी घ्या, टेबलाशी नाही. पहिल्या अर्ध्या तासात फक्त फिरा, काहीही लिहायला बसू नका, आणि ४० मधले पाच निवडा जे रात्री बिघडू शकतात. त्यांचे नंबर मामा-मावशींना सांगा आणि प्रत्येकाचं एकच लक्षण सांगा, पाच लक्षणं सांगितली तर एकही राहणार नाही. उरलेल्या ३५ ची पाणी, बेडपॅन, चादर ही कामं मामा-मावशींवर. मामांना झोपू द्यायचं की नाही यावर मी लिहिणार नाही, तुम्ही आणि ते बघा, पण दार आतून लावलेलं नको.

डॉक्टरांना रात्री फोन करताना गोष्ट सांगत बसू नका. आत्ता काय झालंय, मागची हकीगत दोन वाक्यं, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं. याला एसबीएआर म्हणतात, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आलेली पद्धत. शेवटचं वाक्य म्हणायला आपण लाजतो, "सर, तुम्ही येऊन बघा" हे स्पष्ट म्हणा. फोनवर ऑर्डर दिली तर लिहा, वाचून दाखवा, बरोबर ना विचारा, आणि सकाळी सही घ्या.

डॉक्टर त्यांची कामं आपल्याला देतात, नाही म्हणता येतं का?

येतं. ऑपरेशनची कन्सेंट हे नेहमीचं. काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे समजावणं डॉक्टरांचं काम. साक्षीदार म्हणून सही केली तर फक्त समोर सही झाली एवढंच तुम्ही सांगताय. "सिस्टर जरा सही घेऊन टाका" आलं की "सर, नातेवाईक इथेच बसलेत, तुम्ही बोलून घ्या, मी फॉर्म तयार ठेवते." भांडण नाही, उद्धटपणा नाही. न शिकवलेलं काम आलं तर "मला हे दाखवलेलं नाही, पहिल्यांदा तुमच्यासमोर करते" म्हणा.

कमी शिकलेल्यांना अवघड काम देऊच नये असं म्हणायचंय का?

उलट. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलासुद्धा. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, १९९९ मध्ये लॅन्सेटला छापून आलं. पुढे आशांनी घरी जाऊन बाळ बघायचा जो कार्यक्रम देशभर आला त्याचं मूळ तिथलं.

पण त्या बायकांना "बाळाकडे लक्ष ठेव" म्हणून सोडलं नव्हतं. कुठली लक्षणं मोजायची, किती दिसली तर काय करायचं, हे ठरलेलं, आणि मागे देखरेख. आपल्या वॉर्डात डिग्रीवाल्यांना पण एवढं नीट कुणी सांगत नाही.

मी सगळं स्वतःच करते, पटकन होतं

आज होतं. तुम्ही सीएलवर (किरकोळ रजेवर) गेलात की वॉर्ड बसतो. आणि औषधांना दीड तास उशीर का झाला तर तुम्ही चादरी बदलत होतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कामं टाकली तर चालतं का?

मीटिंगची वेळ, इंडेंट (सामानाची मागणी), ड्यूटी बदल, चालेल. पेशंटचं काम नको. निळी टिक आली म्हणजे काम झालं असं नाही, आणि पेशंटचा फोटो-नाव तर अजिबात नको.

दिलेलं काम बघायला कधी जायचं?

काम देतानाच वेळ सांगा, "मी साडेचारला येते" म्हणा आणि साडेचारला जा. नवीन माणूस असेल तर पहिल्यांदा पूर्ण वेळ शेजारी, मग अर्ध्यात, मग शेवटी. कामात अडकलात तर निरोप तरी पाठवा. माझ्या त्या मावशी रिटायर होईपर्यंत मला विचारायच्या, "सिस्टर, वारा घालू की बोलवू?"